संगणकातली बेणेनिवड आणि आपला तोडणीचा क्रम



गळीत हंगाम सुरू झाला, की गट कार्यालयाच्या पायरीवर दरसाल एकच तक्रार ऐकू येते. "साहेब, माझी आडसाली लागण जुलैची, शेजारच्या आबांची ऑगस्टची. मग टोळी त्यांच्या फडात आधी कशी उतरली?" शेतकी अधिकारी रजिस्टर उघडतात, तारखेवर बोट ठेवतात, मधला ओढा आणि चिखलाचा रस्ता सांगतात, टोळी त्याच शिवारात होती म्हणून उरकून घेतले असेही सांगतात. ऐकणारा मान डोलावतो, पण पायरी उतरताना "वळखीपाळखीचं काम हाय सगळं" असे पुटपुटतोच. हे आम्हाला ठाऊक आहे. काही वेळा तो खोटे बोलत नसतो, हेही आम्ही येथे मान्य करतो.

अलीकडे शिकलेली मुले घरी सांगू लागली आहेत, की हा क्रम आता संगणक लावू शकतो, आणि तोही निसर्गात जशी पैदास होते त्या रीतीने. त्यावरून सभासदांनी आम्हाला दोन प्रश्न विचारले. ही रीत आहे तरी काय? आणि तिच्यात भले कोणाचे, कारखान्याचे की शेतकऱ्याचे? पहिल्याचे उत्तर जरा लांबीचे आहे. ते समजल्याशिवाय दुसऱ्याचे देता येत नाही, म्हणून वाचकांनी थोडा धीर धरावा.

मुळात ही रीत उसवाल्याला परकी नाही. कोइमतूरचे ऊस पैदास केंद्र १९१२ साली निघाले. तेथे बार्बर आणि टी. एस. व्यंकटरामन यांनी जाड, रसाळ उसाचा रानटी पण काटक उसाशी संकर केला आणि त्यातून १९१८ साली को २०५ हा वाण बाहेर आला. आज आपल्या रानात सर्रास दिसणारा को ८६०३२ घ्या. त्याचे आईबाप को ६२१९८ आणि कोसी ६७१. कोसी ६७१ हा साखरेला चांगला आणि लवकर पक्व होणारा, हे जुन्या मंडळींना सांगायला नको. उसाला तुरा येतो, तुऱ्यात बी धरते, त्या बियांची हजारो रोपे होतात आणि प्रत्येक रोप आपल्या भावंडाहून निराळे निघते. (आपण कांडी लावतो, म्हणून आपला ऊस मूळ बेण्यासारखाच येतो. बी पेरून पाहिले तर गंमत कळेल.) पैदासकार या हजारो रोपांना कस लावतो. वजन किती, साखर किती, रोगाला बळी पडते का, लोळते का. हजारांतून शेकडा उरतात, शेकड्यांतून पाच-दहा, आणि दहा-बारा वर्षांनी हातात एखादा वाण येतो. तोच पुढच्या संकराला बाप म्हणून उभा राहतो.

संगणकातल्या पैदाशीत रोपाच्या जागी एखाद्या अडचणीचे उत्तर असते, एवढाच काय तो फरक. सुरुवातीला शे-दोनशे उत्तरे अंदाजाने मांडायची. ती बहुतेक टाकाऊच असतात. प्रत्येकाला कस लावून गुण द्यायचे. बऱ्यापैकी गुणांच्या उत्तरांचा आपसात संकर करायचा, पोरांमध्ये मधूनच किरकोळ फेरबदल होऊ द्यायचा, आणि नव्या पिढीला पुन्हा कस लावायचा. रानात दहा-बारा वर्षे लागतात. यंत्रात, कस लावणे सोपे असेल तर, हजारो पिढ्या एका रात्रीत होतात.

या रीतीचा एक गाजलेला प्रयोग तर संगणकाविनाच झाला. १९६४ साली पश्चिम बर्लिनच्या तंत्रविद्यापीठात इंगो रेखेनबेर्ग या विद्यार्थ्याने सहा सपाट पट्ट्या पाच बिजागऱ्यांनी एकीला एक जोडल्या आणि ती घडी वाऱ्याच्या बोगद्यात उभी केली. प्रत्येक बिजागरी ५१ ठिकाणी थांबवता येई. म्हणजे एकंदर ठेवणी झाल्या ३४ कोटी ५० लाखांहून जास्त. वाऱ्याला सगळ्यांत कमी अडणारी ठेवण कोणती, हा प्रश्न होता. त्याने घडी मुद्दाम वेडीवाकडी, नागमोडी ठेवून सुरुवात केली. बिजागऱ्या किती वळवायच्या ते नशिबावर सोडले. वळवून पाहायचे, वाऱ्याचा अडथळा मोजायचा, कमी झाला तर नवी ठेवण राखायची, वाढला तर पहिलीवर परत यायचे. काहीशे फेऱ्यांत ती घडी जवळजवळ सपाट फळी झाली.

कोणी म्हणेल, सपाट फळी वाऱ्याला कमी अडते हे पोरसुद्धा सांगेल, त्यात विशेष ते काय? पण आपला वजनकाटा तपासायला माणूस येतो तेव्हा तो ठाऊक वजनाचे मापच ठेवून पाहतो ना? रेखेनबेर्गने तेच केले. उत्तर आधी ठाऊक असलेला प्रश्न घातला आणि रीत खरी निघते का ते पाहिले. पुढचा प्रयोग मात्र अंधारातला होता. त्याचा सहकारी हान्स-पाउल श्वेफेल याने याच दशकात एका नॉझलचा आकार असाच शोधला. उकळते पाणी आत शिरून अर्धे वाफ होऊन सुसाट बाहेर पडते, असे ते नॉझल. त्याने वेगवेगळ्या मापांची भोके असलेल्या धातूच्या चकत्या एकापुढे एक रचल्या, आणि चकत्या बदलत, घालत, काढत गेला. कार्यक्षमता सुमारे ५५ टक्के होती ती ८० टक्क्यांच्या घरात गेली. जो आकार हाती आला तो मात्र अजब होता. मध्येच फुगलेला, पुन्हा आवळलेला. आपल्या बॉयलरवरच्या कोणत्याही फिटरने तो लेथवरच्या पोराची चूक समजून भंगारात टाकला असता. शहाण्या माणसाच्या डोक्यात जे येणार नाही, ते या रीतीला सुचते, याचे कारण तिला शहाणपणाची लाज नसते.

येथपर्यंत बाप एकटाच होता. आईबाप दोघांचा संकर संगणकात मांडून त्याचे शास्त्र उभे केले ते अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातील जॉन हॉलंड यांनी. त्यांचे पुस्तक १९७५ साली आले. त्यांचाच विद्यार्थी डेव्हिड गोल्डबर्ग याने १९८३ साली नैसर्गिक वायू वाहून नेणाऱ्या नळाचे काम या रीतीने सोडवून दाखवले. नळावर जागोजाग दाब वाढवणारी यंत्रे असतात. कोणते केव्हा किती चालवावे म्हणजे शेवटच्या टोकाला दाब पुरेल आणि इंधनही कमी जळेल? ज्यांनी उपसा जलसिंचन योजनेच्या लाइटबिलाचा आकडा पाहिला आहे त्यांना या प्रश्नाचे मोल वेगळे सांगायला नको.

आता तोडणीकडे येऊ. एका टोळीपुढे दहा फड आहेत. ते कोणत्या क्रमाने तोडायचे याचे प्रकार किती होतील? ३६ लाख २८ हजार ८००. वीस फड धरले तर तो आकडा एकोणीस अंकी होतो. एवढे क्रम एकेक करून तपासणे यंत्रालाही परवडत नाही. म्हणून पैदास.

पण क्रमाचा संकर करायचा तर एक अडचण येते, ती घरी पोरांना चिठ्ठ्यांवर करून दाखवावी. समजा सहा फड आहेत. बाप-क्रम असा: क, ख, ग, घ, च, छ. आई-क्रम असा: घ, छ, क, च, ख, ग. दोन्ही मधोमध कापले आणि बापाचा पहिला अर्धा आईच्या दुसऱ्या अर्ध्याला जोडला, तर पोर निघते: क, ख, ग, च, ख, ग. म्हणजे ख आणि ग यांच्या फडात टोळी दोनदा जाणार, आणि घ व छ यांच्याकडे कधीच नाही. ते दोघे मग मोळी घेऊन कारखान्याच्या फाटकात बसतील, आणि बरोबरच करतील. यावर तोड अशी, की बापाचे पहिले तीन ठेवायचे आणि उरलेले तिघे आईत ज्या क्रमाने आले आहेत त्या क्रमाने मागे लावायचे. आईत घ, छ, च असा क्रम आहे. मग पोर झाले: क, ख, ग, घ, छ, च. कोणी सुटला नाही, कोणी दोनदा आला नाही, आणि आईबाप दोघांचेही काही ना काही अंगात उतरले. वाहतुकीच्या आणि कारखानदारीच्या वेळापत्रकांसाठी अशाच युक्त्या जगभर वापरतात.

हाती लागते ते उत्तर सर्वांत उत्तमच असेल याची हमी ही रीत देत नाही. बरे उत्तर देते, लवकर देते, आणि परिस्थिती बदलली तर पुन्हा देते. या शेवटच्या गुणाचे उदाहरण अमेरिकेच्या नासा संस्थेचे आहे. एसटी-५ या मोहिमेचे तीन लहान उपग्रह मार्च २००६ मध्ये आकाशात गेले. त्यांच्यावरचा अँटेना याच पैदाशीतून निघालेला होता. तळहातावर मावेल एवढा, आणि दिसायला कागदाची टाचणी कोणीतरी रागाने पिळून ठेवल्यासारखा. तो तयार झाल्यावर उपग्रहांची कक्षा बदलायचे ठरले, आणि पहिला अँटेना नव्या कामाला पुरेना. माणसाने हाताने आखलेला असता तर बहुतेक सगळे मुळापासून आले असते. त्यांनी फक्त कस बदलला, पैदास पुन्हा चालवली आणि महिनाभरात नवा अँटेना हातात आला. आपल्याकडे ऐन हंगामात टोळी पळून जाते, अवकाळी पडतो, मिल बंद पडते. रजिस्टरातला क्रम तेव्हा पुन्हा मांडायला कोणाला सवड असते? गोंधळाच्या त्या आठवड्यातच वशिला शिरतो, असा आमचा अनुभव आहे.

जपानात २००७ साली धावू लागलेल्या एन-७०० या वेगवान गाडीचे लांबलचक नाकही याच रीतीने घडवले आहे. अशी गाडी बोगद्यात शिरली की दुसऱ्या तोंडाला हवेचा स्फोटासारखा आवाज होतो, तो कमी व्हावा म्हणून.

अँटेना, नॉझल, नाक या सर्वांत कस लावणे मोजमापाचे काम होते. पण गाण्याला कस कसा लावणार? रॉचेस्टर येथे प्राध्यापक राहिलेले जॉन बाइल्स स्वतः ट्रम्पेट वाजवतात. त्यांनी १९९० च्या दशकात संगणकाला जॅझ संगीताचे तुकडे पैदा करायला लावले. यंत्र वाजवते, माणूस ऐकतो, आवडले तर एक कळ दाबतो, नाही आवडले तर दुसरी. आवडलेल्या तुकड्यांचा पुढे संकर होतो. यंत्र तयार झाल्यावर ते त्याच्या साथीला बसून कार्यक्रमही करू लागले. त्यांची अडचण एकच होती. यंत्राला हजार तुकडे पैदा करायला वेळ लागत नाही, पण माणसाला ते हजार बसून ऐकावे लागतात, आणि त्यातले बरेचसे भयंकर असतात. भजनी मंडळात नवा पेटीवाला तयार करणाऱ्या बुवांना ही व्यथा समजेल.

आता जे सांगायचे आहे त्यासाठीच हा लेख आम्ही घेतला. कार्ल सिम्स यांनी १९९४ साली संगणकात ठोकळ्यांचे प्राणी पैदा केले. ठोकळे जोडलेले, सांध्यांत बळ, आणि कस काय, तर ठरलेल्या वेळात जो जास्त वेगाने सरकेल तो चांगला. काही प्राणी छान पोहू लागले, काही सरपटू लागले. पण काहींनी वेगळीच वाट धरली. ते उंचच उंच झाले आणि जागच्या जागी आडवे पडले. पडताना वेग मिळतो, आणि मोजणाऱ्याने वेगच मागितला होता! तसाच प्रकार इंग्लंडमध्ये ससेक्स विद्यापीठात झाला. तेथे एका विद्युत मंडळाकडून ठराविक लहरी आपल्या आपण निर्माण व्हाव्यात म्हणून पैदास चालवली. एका मंडळाने लहरी काढून दाखवल्या. नीट पाहिले तेव्हा कळले, की ते स्वतः काहीच निर्माण करीत नव्हते. त्याचा रेडिओ बनला होता आणि शेजारच्या संगणकातून निसटणाऱ्या लहरी तो पकडून पुढे करीत होता. २००२ साली हे प्रसिद्ध झाले. मागितले ते यंत्राने दिले. मनात होते ते दिले नाही, कारण ते त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

तेव्हा तोडणीच्या क्रमाला कस कोणता लावणार, हा खरा प्रश्न आहे. समजा यंत्राला सांगितले, की कारखान्याचा साखर उतारा जास्तीत जास्त आला पाहिजे. ते तसे करील. लवकर पक्व होणारा, गोड वाण नेमक्या दिवशी उचलील आणि कमी उताऱ्याचा ऊस मागे ढकलील. उसाचा दर सबंध कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर बसतो, म्हणून वाढलेल्या उताऱ्याचा फायदा सगळ्यांना वाटून मिळेल. पण ज्याचा ऊस मार्च-एप्रिलपर्यंत उभा राहिला, त्याचे वजन घटते, ऊस पोकळ पडतो, विहीर आटत असताना त्यालाच पाणी द्यावे लागते, आणि पुढचा खोडवाही मागास होतो. हा तोटा त्याच्या एकट्याच्या उताऱ्यावर पडतो, म्हणजे सात-बाराच्या उताऱ्यावर. फायदा सामाईक आणि तोटा खासगी, असा हिशेब होतो.

बरे, मग उशीर कमीत कमी व्हावा असे सांगू. त्यातही गोम आहे. एका क्रमात दहा सभासदांना प्रत्येकी पाच दिवस उशीर होतो, एकूण पन्नास दिवस. दुसऱ्या क्रमात नऊ जणांचा ऊस वेळेवर जातो आणि एकाला चाळीस दिवस उशीर होतो, एकूण चाळीस. एकूण उशीर कमी हवा असे सांगितले असेल तर यंत्र दुसरा क्रम उचलील. त्या एकाला ते ओळखतही नाही, त्याच्याशी त्याचे वैरही नाही. पण तोच एक बहुधा ओढ्यापलीकडचा, लांबच्या वाडीचा, अर्ध्या एकराचा धनी असेल, आणि पुढच्या वर्षीही बहुधा तोच. आजवर असे झाले की तो गट कार्यालयाच्या पायरीवर येऊन भांडत तरी होता. उद्या त्याला उत्तर मिळेल, "कॉम्प्युटरने लावलंय, आमच्या हातात काय?" आम्हाला भीती या वाक्याची वाटते.

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. उशिराचे दिवस नुसते मोजण्याऐवजी त्यांचा वर्ग मोजावा. पाचाचा वर्ग पंचवीस, दहा जणांचे झाले अडीचशे. चाळीसचा वर्ग सोळाशे. आता यंत्र मुकाट्याने पहिला क्रम निवडील, कारण एकट्यावर लादलेला उशीर त्याला फार महाग पडू लागला. बदलला फक्त कस. तो बदलायला इंजिनिअर लागत नाही. काय महत्त्वाचे, हे ठरवणारा लागतो, आणि सहकारी कारखान्यात तो अधिकार सभासदांचा आहे, यंत्र विकायला येणाऱ्या कंपनीच्या माणसाचा नाही. उताऱ्याला किती गुण, उशिराला किती, वाहतुकीच्या अंतराला किती, खोडव्याला किती, जळीत उसाला काय, हा गुणांचा तक्ता हंगामापूर्वी छापून प्रत्येक गट कार्यालयाच्या फळ्यावर लावावा आणि सभेत मंजूर करून घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. मंडळी त्यावर भांडतील. भांडू द्या. माणसावर भांडण्यापेक्षा तक्त्यावर भांडलेले बरे.

आणि एक गोष्ट आपल्या बाजूचीही सांगतो, राग मानू नये. नंबर लवकर लागावा म्हणून लागणीची तारीख पंधरा-वीस दिवस मागे सरकवून नोंद करणारे महाभाग प्रत्येक गावात आहेत. शेतकी अधिकारी फडात आला की कांडी मोजून, हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स पाहून त्याला खरे काय ते कळते आणि तो गालात हसतो. यंत्र फडात येत नाही. त्याला रजिस्टरातली तारीख हीच खरी. एका खोट्या तारखेमुळे ते कच्चा ऊस आधी तोडायला लावील, त्याचे वजनही कमी भरेल, साखरही, आणि त्या दिवशी ज्याचा नंबर होता तो खाली जाईल.

म्हणून नोंद करताना लागणीची खरी तारीख, वाण, आणि फडापर्यंत ट्रॅक्टर जातो की फक्त बैलगाडी, या तिन्ही गोष्टी नीट सांगाव्यात. नोंदीत चूक राहिली असेल तर ती दुरुस्त करण्याचा अर्ज गट कार्यालयात शेतकी अधिकाऱ्यांकडेच द्यावा व पोच घ्यावी. चिटबॉयला वाटेत गाठून तोंडी सांगितलेली दुरुस्ती रजिस्टरात चढत नाही.